विजापूरच्या तोफेचं परांडं

विजापूरच्या शेरझा बुरुजावर मुलुखमैदान तोफेपुढे फोटो काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की तिथं येण्याआधी ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यात होती? तोफ ओतली अहमदनगरात, १५४९ मध्ये. ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं आणि निजामशाहीची राजधानी परांड्याला आली. पुढं १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं परांड्याची ही तोफ विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. वाटेत भीमा आडवी! त्या काळच्या बैलांची आणि गाडीवानांची कीर्ती मात्र कुणी कोरून ठेवली नाही.

तोफ ओतली गेली त्याच दशकात जपानमध्ये वेगळंच चाललं होतं. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या बंदुका पोचल्या. तिथल्या जहागीरदारानं त्या विकत घेतल्या आणि तशीच बंदूक करायचं काम दिलं कुणाला, तर तलवारी घडवणाऱ्या लोहाराला. लोखंड तापवून, ठोकून नळी करणं त्याच्या हातचं होतं. अडलं ते नळीचं मागचं तोंड स्क्रूनं बंद करण्यापाशी.

मुलुखमैदानला मात्र घणाचा उपयोग नव्हता. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील, म्हणजे घंटेचाच धातू. मातीचा साचा, पोकळीसाठी मधोमध गाभा, आणि त्यात वितळलेला रस. एवढ्या मोठ्या ओतकामात रस मध्येच थिजला किंवा साच्यात ओल राहिली, तर सगळी मेहनत वाया. रूमीनं ते साधलं, वर तोफेच्या तोंडाला जबडा वासलेल्या श्वापदाचा आकार दिला आणि त्याच्या दाढेत हत्ती धरला. रूमीनं स्वतःच्या मुलाचा बळी देऊन त्याच्या रक्तानं तोफ न्हाऊ घातली, अशी कथा सांगतात. मला ती कारागिरावर अन्याय करणारी वाटते. इथं रक्त नव्हे, भट्टीचा अंदाज कामाला आला.

१६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानंही याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला.

परांड्याच्या भुईकोटात खंदक, दुहेरी तटबंदी, बुरुजांवरच्या तोफा आणि तोफगोळ्यांचा साठा अजून बघायला मिळतो. बार्शीपासून हे गाव जवळच आहे. विजापूरला जाणार असाल, तर आधी इथं या.