टेमघरचा घाट आणि सायकलची फेरी



सायकल ही आपल्या घरातलीच वस्तू. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, शाळेला निघालेली पोर, सारे तिने वाहिले. तेव्हा सायकलीवर आणखी काय ऐकायचे, असे कुणी म्हणेल. पण सपाटीवरची सायकल निराळी आणि डोंगरातली निराळी. आज पुणे जिल्ह्याच्या मुळशी भागातली एक अवघड फेरी आपण मनाने करून पाहू.

पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट असे जायचे. तिथून मुठा गावाकडे वळायचे आणि टेमघर धरणाशेजारून घाट चढून लवासात उतरायचे. पुढे वरसगावच्या पाण्याच्या कडेकडेने पानशेत, तिथून खडकवासला आणि परत पुणे. फेरी शंभर किलोमीटरांच्या पुढे जाते. अंतरापेक्षा चढउतारच माणसाचा घाम काढतात.

मधे हा डोंगर का आला? शिक्षकबंधूंनो, नकाशा फळ्यावर टांगून मुलांना हे जरूर विचारा. टेमघरचे पाणी मुठा नदीचे, वरसगावचे मोसे नदीचे आणि पानशेतचे आंबी नदीचे. मुठा आणि मोसे यांच्यामधे जी डोंगराची धार आहे, तिच्या एका अंगाचा पाऊस मुठेला जातो, दुसऱ्या अंगाचा मोसेला. आपण घाट चढतो म्हणजे ही पाणलोटाची रेषा ओलांडतो. गंमत अशी, की वर वेगळी झालेली ही पाणी खाली खडकवासल्यात पुन्हा एक होतात. पुण्याची तहान भागवणारी चारही धरणे या एका फेरीत दिसतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, तो लोंढा याच खोऱ्यांतून आला होता.

आता चढाकडे वळू. आपल्या साध्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस दात आणि मागे अठरा दात असतील, तर पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. चाकाचा घेर सव्वादोन मीटरांच्या आसपास धरला, तर एका फेऱ्यात सायकल पाच-साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे झकास, पण घाटात पाय अडकतो. डोंगरी सायकलीला मागे लहानमोठी चाके असतात. पुढे बत्तीस आणि मागेही बत्तीस दात केले, की एका फेऱ्याला दोन-सव्वादोन मीटरच अंतर कापले जाते. अंतर कमी, पण जोरही कमी लागतो. गाडी हळू चालते, पण चालते. गिअर मात्र चढ लागायच्या आधी बदलावा. पायावर पुरा दाब आला असताना बदलू गेले, तर साखळी कुरकुरते, कधी निसटतेही.

थोडे गणित करू. माणूस आणि सायकल मिळून पंचाहत्तर किलो आणि चढ चारशे मीटर उंचीचा समजा. पंचाहत्तर गुणिले नऊ पूर्णांक आठ दशांश गुणिले चारशे, म्हणजे २,९४,००० जूल काम. हे तासाभरात केले, तर सरासरी ८२ वॅट लागतात. घरातला छताचा पंखा साधारण इतकीच वीज घेतो. अर्ध्या तासात करायला गेलो, तर दुप्पट. हवेचा नि रस्त्याचा अडथळा वेगळाच. म्हणून घाटात शहाणा गडी पहिल्या वळणावर धावत नाही. शरीर खाल्ल्या अन्नाचा सुमारे चौथा भागच कामाला लावते, बाकीची उष्णता होते. तेवढ्या चढाला दीड-दोन भाकरींचा ऐवज खर्ची पडतो. रिकाम्या पोटी घाटाला जाऊ नये, हे यातून आपोआप आले.

चढाने दमणूक होते, पण जीवाला धोका उताराचा. चढताना जी शक्ती साठवली, ती उतरताना ब्रेकला खर्ची घालायची असते आणि ती सारी उष्णता होऊन ब्रेकात उतरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मारिन भागात १९७६ पासून काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरातल्या मातीच्या वाटेने शर्यती करत. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. आजच्या डोंगरी सायकलीची वाढ तिथूनच झाली. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमधे या खेळाला जागा मिळाली.

आमच्याकडेही हा धडा मी अंगाने शिकलो. तरुणपणी साध्या सायकलीवरून एक घाट उतरत होतो. ब्रेक सारखा दाबून धरला होता. निम्म्या वाटेत मूठ हँडलला टेकली, तरी गाडी थांबेना. खोल दरीच्या अंगाला न जाता डोंगराच्या अंगाला गाडी घातली, कोपर सोलपटला आणि सुटलो. त्या दिवसापासून चार गोष्टी पाळतो, त्या ऐका. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे आणि तारा पाहाव्यात. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता, दाबावा आणि सोडावा, म्हणजे त्याला गार व्हायला सवड मिळते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा, वळणात ब्रेक आवळू नये. दोन्ही ब्रेक वापरावेत, पण खडीवर पुढचा एकदम दाबू नये. शरीर जरा मागे सरकवावे. वेग दुप्पट झाला, की थांबायला जवळजवळ चौपट अंतर लागते, हे मुलांना पाठ करून द्यावे. ओल्या रस्त्याला अंतर आणखी वाढते. मुळशीत पाऊस बेफाम, शेवाळ धरलेली वळणे साबणासारखी निसटती असतात.

आता बाजूला पाहा. लवासातली घरे इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधलेली, पण भोवतालचे रान आपल्या सह्याद्रीचे. आल्प्समधली सूचिपर्णी झाडे इथे सापडायची नाहीत. इथे जांभूळ, हिरडा, आईन आणि उतारावर दाट कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग बी धरून वाळून जाते. तिची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. डोंगर कापताना ही माती सैल झाली, तर दगड रस्त्यावर येतात, हे प्रत्येक सायकलस्वाराने ध्यानात ठेवावे.

या रानावर शहर वसवायचा घाट घातला गेला, त्यावर बरीच भवती न भवती झाली. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने बांधकाम थांबवायला सांगितले, पुढच्या वर्षी अटींवर परवानगी मिळाली. २०१८ साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. पण रस्ता राहिला आणि दासवे-मुगावच्या लोकांचे जगणेही राहिले. आपण हौसेने जातो, ते रोज जातात. वळणापाशी घंटी वाजवा, गुरे आडवी आली तर उतरा, प्लास्टिक परत घेऊन या.

मास्तरांना शेवटी एक विनंती. वर्गातल्या मुलांना आपल्या गावच्या एका चढाची उंची काढायला सांगा आणि तो सायकलीने चढायला किती ताकद लागते याचे गणित मांडायला लावा. मग चढाच्या वरच्या टोकाला उभे राहून विचारा, पाणी इकडे वाहील की तिकडे? उत्तर सापडले, की मुलाला डोंगर समजला. आणि घरी परतण्यापूर्वी प्रत्येकाचा ब्रेक तेवढा तपासा.