खाऱ्या मातीतील परसबाग

भातकुलीच्या शिवारात विहिरीला पाणी लागते. परंतु ते भाजीच्या वाफ्यात सोडण्याचे धाडस जाणता माणूस करीत नाही. पहिल्या पाण्याला रोप तग धरते. पुढे पानांच्या कडा करपतात आणि उन्हाळा लागेपर्यंत वाफ्यावर पांढुरका थर चढतो. अमरावतीच्या पश्चिमेस असलेल्या या तालुक्यातून पेढी नदी वाहते व पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील 894 गावांत, सुमारे 4700 चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. कापूस, तूर, मूग, सोयाबीन आणि हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर येणारा हरभरा ही येथील शेती. ताज्या हिरव्या भाजीसाठी मात्र गावाला अमरावतीच्या बाजाराकडे पाहावे लागते.

व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत या परावलंबनाला आणखी एक कारण आहे. पुढे दुकान, मागे घर आणि घरामागे सांदवाडी अशी जुनी रचना होती. सांदवाडीत दोडक्याचा मांडव, अंबाडीची चार ताटे, सांभाराचा लहानसा वाफा असे. दुकानाचा पसारा वाढला तशी तिथे गोदामे आली, अंगणात फरशी बसली. शेत असले तरी ते मक्त्याने किंवा बटईने दिलेले असते, आणि मक्तेदार त्यात कपाशी लावतो, भाजी नव्हे. परिणामी पाणी गाळून पिणारे, पीठ चाळून घेणारे, भाजी निवडताना प्रत्येक पान उलटून पाहणारे घर त्या भाजीवर काल कोणते औषध फवारले गेले हे सांगू शकत नाही. ही विसंगती अनेक गृहिणींना बोचते.

भातकुलीचे नाव जैन समाजाला परिचित आहे ते आदिनाथस्वामींच्या अतिशय क्षेत्रामुळे. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे. या क्रमात कृषी आणि वाणिज्य यांच्यामध्ये केवळ विद्या उभी आहे. कृषीचे आद्य शिक्षक ज्या गावाचे मूलनायक, त्याच गावाची माती खारी असावी हा योगायोग मोठा विचित्र. पण या मातीत भाजी काढायची तर मधली विद्याच कामी येते.

ज्यांच्या घराला अंगण नाही अशांनी गावाच्या कडेला थोडी जमीन घेऊन तिचे लहान तुकडे पाडावेत आणि प्रत्येक कुटुंबाने आपापला तुकडा कसावा, ही पद्धत युरोपात जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1908 च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तिथला प्रमाण तुकडा सुमारे 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा तुकड्यांची संख्या 14 लाखांच्या घरात गेली होती. आफ्रिकेतून लेस्टरला गेलेल्या गुजराती कुटुंबांनी याच तुकड्यांवर मेथी आणि दुधी पिकविला. महाराष्ट्रात कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो असा विचार मांडला आणि त्यामागे शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगांचे बळ उभे केले. आज 'उमेद' अभियानातून महिला बचत गटांच्या पोषण परसबागा गावोगावी होत आहेत. शाळांच्या आवारातही त्या दिसतात. वऱ्हाडाला तर जमिनीच्या वाटणीचा इतिहास फारच जुना आहे. अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने भोजकट राज्यातील गावची 8000 भूमी एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. ते भोजकट म्हणजेच आजचे भातकुली, असे अभ्यासक मानतात. दरडोई आठ भूमी! आजच्या कुटुंबाला त्याचा अत्यल्प अंशही पुरेल, मात्र खाऱ्या मातीची रीत समजून घ्यावी लागेल.

ही माती काळी, खोल आणि अतिशय चिकण आहे. तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी खाली मुरण्याऐवजी वर साचून राहते. पावसाळ्यात मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात उलट घडते. पृष्ठभाग तापतो, खालची ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडून जाते आणि क्षार तेवढे मागे राहतात. यावर जिप्समचा उपाय सांगितला जातो. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम गोड्या पाण्याबरोबर खाली वाहून जातो. तो वाहून जाण्यास वाट नसेल तर जिप्समचा खर्च व्यर्थ होतो. म्हणून आधी चर, मग जिप्सम. आणि तेही माती तपासून येईल त्या प्रमाणात. धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी मातीत गाडणे हा जुना उपायही येथे गुणकारी ठरतो, परंतु त्यात उभे पीक गाडावे लागते. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी कुजलेले शेणखत भरपूर घालावे.

संपूर्ण शेत सुधारणे हे मोठे काम आहे. चार चौरस मीटरचा वाफा सुधारणे एका कुटुंबाच्या आवाक्यात आहे, आणि लहान तुकड्याचे खरे सामर्थ्य येथेच दिसते. वाफा जमिनीपासून हातभर उंच करावा, म्हणजे पावसाचे पाणी क्षारांना घेऊन खाली उतरते व बाजूच्या चरातून निघून जाते. असा गादीवाफा असेल तर पाणी झारीने वरून द्यावे. सरीतून पाणी दिले तर क्षार वरंब्याच्या माथ्यावर जमतात. तशा वेळी रोप माथ्यावर न लावता वरंब्याच्या कुशीत लावावे. नवखा मनुष्य हमखास माथाच निवडतो.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. नळाचे गोडे पाणी पिण्यासाठीच जिथे जपून वापरावे लागते तिथे ते भाजीला घालणे शोभत नाही. उरते ते आकाशाचे पाणी. 100 चौरस मीटरच्या छपरावर हंगामात 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी 56 हजार लिटर पाणी हाती येते. चार चौरस मीटरच्या वाफ्याला हिवाळ्यात रोज सुमारे 20 लिटर पाणी लागते. चार महिन्यांचे 2400 लिटर झाले. म्हणजे 5000 लिटरची एक टाकी दोन वाफ्यांचा हिवाळा निभावून नेते. अहमदाबाद आणि खंभातच्या जुन्या घरांतून पावसाचे पाणी साठविणारी टाकी आजही पाहावयास मिळतात. तीच सोय येथे भाजीसाठी करायची. स्वयंपाकघरातील डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही उपयोगी पडते. साबणाचे पाणी मात्र कटाक्षाने टाळावे, कारण धुण्याच्या सोड्यातून मातीत सोडियमचीच भर पडते.

कोणती भाजी लावावी, या प्रश्नाचे उत्तर जैन घराला ऐकताना गंमत वाटेल. कांदा, गाजर आणि मुळा यांना क्षार मुळीच सोसत नाहीत. जे कंद पंगतीत वर्ज्य, ते या मातीलाही वर्ज्य आहेत! अपवाद बीटचा, तो क्षार सहन करतो. आपला पालक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटच्याच जातीचा असल्याने तोही येथे टिकतो. गवार तर या भूमीची हक्काची भाजी. ती क्षारही सोसते आणि पाण्याचा ताणही. चवळी तिच्या पाठोपाठ येते. घेवडा नाजूक, त्याच्या वाटेला जाऊ नये. मांडवावर दोडका, कारले, दुधी चांगल्या गादीवाफ्यात येतात.

ऋतू आणि आचार यांचा मेळही बराचसा जमतो. पावसाळ्यात गोडे पाणी मुबलक असते, पण चातुर्मासात अनेक घरांतून पालेभाज्या बंद असतात. त्या वेळी वाफ्यात गवार, चवळी, भेंडी आणि मांडवावर वेल असावेत. चातुर्मास संपून थंडी पडू लागली की पालक, मेथी आणि सांभार पेरावा. तोवर टाकी भरलेली असते. अडचण येते ती भाद्रपदात. पर्युषण आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत बहुसंख्य घरांत हिरवी भाजी नसते, आणि नेमकी त्याच वेळी गवार-भेंडीला बहर येतो. भेंडी दोन दिवस तोडली नाही की जून होते. शेंगा झाडावर राहिल्या तर नवा बहर मंदावतो. अष्टमी-चतुर्दशीलाही हेच. एकट्या घराच्या बागेत या प्रश्नाला उत्तर नाही. आठ-दहा कुटुंबांनी एकत्र जमीन घेऊन वाफे वाटून घेतले आणि त्यांत दुकानातील मुनीम, शेजारचे शेतकरी, हमाल यांचीही घरे असली, तर पर्वाच्या दिवसांतील तोडणी त्यांच्या वाट्याला जाते. भाजी वाया जात नाही आणि झाडही फुलते राहते. सामायिक बागेचा याहून मोठा व्यावहारिक लाभ दुसरा नसेल.

आता मूळ शंकेकडे वळावे लागते. माती उकरताना जीव मरतात, मग श्रावकाने बाग करावी काय? घरातील वडीलधारी मंडळी हा प्रश्न विचारतात आणि तो टाळण्याजोगा नाही. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगून गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा व इतर ठिकाणी यत्नाने वागावे असे सुचविले आहे. परसबाग गृहस्थाच्या आरंभात मोडते. विकत घेतलेल्या भाजीने हिंसा टळते असे म्हणावे, तर कृत, कारित आणि अनुमोदित हा त्रिविध विचार आड येतो. फवारणी दुसऱ्याने केली तरी तिची किंमत ग्राहकच मोजतो. अर्थात बाग केल्याने मनुष्य निर्दोष होतो असेही नाही. यत्न किती करता येतो, एवढेच पाहावयाचे.

या बाबतीत खाऱ्या मातीचा एक उपाय आचाराला अनुकूल पडतो. वाफा एकदा बांधला की तो पुन्हा पुन्हा खणू नये, वरून सोयाबीनचे कुटार किंवा गव्हांडा पसरून ठेवावा. आच्छादनाखाली जमीन तापत नाही, ओल वर चढत नाही, म्हणून क्षारही चढत नाहीत. पाणी कमी लागते आणि तण कमी उगवते. जपानचे मासानोबू फुकुओका यांनी न नांगरता शेती करण्याचा जो मार्ग दाखविला, त्याचेच हे घरगुती रूप आहे. पावसाळ्यात दमट कुटारात सूक्ष्म जीव फार वाढतात. त्यामुळे आच्छादन पाऊस ओसरल्यावर घालावे. क्षार वर येण्याचा काळही तोच असल्याने त्यात काही बिघडत नाही. कारल्या-दोडक्याच्या कोवळ्या फळांना कापडी किंवा कागदी पिशवी बांधली की फळमाशी शिवत नाही, मारावीही लागत नाही. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडावरून उतरतो. हाडांचा चुरा आणि रक्तखत बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळते. पोत्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय खत घेऊ नये. गांडूळखताविषयी मतभेद आहेत, ते घराघराने आपल्या विवेकाने सोडवावेत.

शिकण्याची ठिकाणे जवळच आहेत. अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पावसाळा सरता सरता शिवार फेरी भरते. वऱ्हाडभरातून आलेली माणसे उभ्या पिकांतून फिरत शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. भाऊसाहेबांच्या 27 डिसेंबर या जयंतीच्या सुमारास तेथे कृषी प्रदर्शन होते. पापळसारख्या खेड्यात 1898 साली जन्मलेल्या या माणसाने देशाचे कृषिमंत्री असताना दिल्लीत 1959-60 मध्ये जागतिक कृषी मेळा भरविला होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे होणाऱ्या रानभाजी महोत्सवातही जावे, घेण्यासाठी नसले तरी ओळखण्यासाठी. व्यापारी कुटुंबे अशा ठिकाणी क्वचित दिसतात. दुकान बंद ठेवून मुलांना शिवार फेरीला नेण्याचा एक दिवस वर्षातून काढता येईल.

बागेचा आरंभ अक्षय तृतीयेला करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. त्या दिवशी आळी करून वेलभाज्यांचे बी टोचतात. हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने ऋषभदेवांना इक्षुरसाचे पारणे घडविले तोही हाच दिवस. वैशाखाच्या उन्हात आणि खाऱ्या पाण्यावर भातकुलीत त्या दिवशी पेरलेले बी उगवणार नाही. येथे त्या दिवशी जमीन आखावी, चर काढावेत, माती तपासणीच्या निकालाप्रमाणे जिप्सम घालावे, छपराचे पन्हळ टाकीला जोडावे आणि चिठ्ठ्या टाकून वाफे वाटून घ्यावेत. जूनच्या पहिल्या दोन दमदार पावसांनी वाफ्यातले क्षार खाली उतरले, की तिसऱ्या पावसाच्या ओलीवर गवारीचे बी टोचावे.