‘अनफ्रायटनिंग’ : न घाबरवणारा शब्द

इंग्रजीत ‘फ्रायटनिंग’ म्हणजे भीतिदायक. त्याला ‘अन’ हा नकारार्थी उपसर्ग लागला की ‘अनफ्रायटनिंग’ होतो. म्हणजे ज्याची भीती वाटत नाही असे. शब्द व्याकरणाला धरून आहे, पण भेटतो क्वचित. बोलताना लोक सरळ ‘नॉट फ्रायटनिंग’ म्हणतात.

‘अनअफ्रेड’शी त्याची गल्लत करू नये. ‘अनअफ्रेड’ म्हणजे न घाबरणारा, निर्भय; ‘अनफ्रायटनिंग’ म्हणजे न घाबरवणारा. ‘हार्मलेस’ही वेगळा : घरातली पाल निरुपद्रवी असते, तरी तिला पाहून अनेकांची गाळण उडते.

सूर मात्र संदर्भावर ठरतो. बालवाचकांसाठीच्या भुताच्या गोष्टीला हे विशेषण लावले तर कौतुक. भयपटाला लावले तर दिग्दर्शकाची फजिती!