परत कधीच न येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय?



रिपीट कस्टमर कसा टिकवायचा, यावर आपण बरंच बोललोय. आज उलटा प्रश्न घेऊ. जो माणूस तुमच्या दारात आयुष्यात एकदाच येणार आहे, त्याच्याशी तुम्ही कसं वागता? हायवेवर याचं उत्तर बऱ्याचदा ठरलेलं असतं. पाण्याची बाटली पाच रुपये जादा आणि चहा पातळ, कारण "तो कुठे परत येतोय?"

आता लांब पल्ल्याची सायकल सफर करून आलेल्या माणसाशी बोलून बघा. तो घाट आणि नद्यांबद्दल थोडं सांगेल, माणसांबद्दल जास्त. कुणी अंगणात तंबू टाकू दिला, कुणी जेवायला बसवलं, कुणी टेम्पोत सायकल घालून पुढच्या गावापर्यंत सोडलं. यातलं कुणीच ओळखीचं नसतं.

एक खरं उदाहरण सांगतो. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली. त्या निमित्तानं पश्चिमेच्या ओरेगनपासून पूर्वेच्या व्हर्जिनियापर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला, ट्रान्सअमेरिका ट्रेल. त्याच उन्हाळ्यात हजारो लोक या मार्गावर निघाले. व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगराच्या चढावर ॲफ्टन नावाचं छोटं गाव लागतं. चढ असा की भल्याभल्यांचा दम निघतो. तिथे जून करी नावाच्या बाई वडिलांसोबत राहत होत्या. घामाघूम झालेले सायकलवाले दारात येऊन पाणी मागायला लागले. घरच्यांनी पाण्याची सोय केली. मग जूनबाईंना वाटलं, नुसतं पाणी काय द्यायचं? त्यांनी कुकीज भाजायला सुरुवात केली आणि लोक त्यांना 'कुकी लेडी' म्हणू लागले. पुढे जवळचंच एक घर त्यांनी सायकलस्वारांच्या मुक्कामाला मोकळं केलं. त्याच्या भिंती येऊन गेलेल्यांच्या पोस्टकार्डांनी भरून गेल्या. २००३ मध्ये ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशननं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. २०१२ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या.

तुम्ही म्हणाल, "सर, त्या बाईंना गाळ्याचं भाडं नव्हतं. आम्हाला आहे." बरोबर आहे. म्हणून तीन गोष्टी नीट बघा.

पहिली, सुरुवात पाण्यापासून झाली. जे घरात होतं आणि समोरच्याला त्या क्षणी हवं होतं, तेच दिलं. मदत मोठी असायला लागत नाही, वेळेवर लागते.

दुसरी, ऑफर आणि मदत यांची भेसळ करू नका. 'एकावर एक फ्री' ही विक्री आहे, त्यात वाईट काही नाही. दमलेल्या माणसाला योग्य भावात चहा विकणं हाही चोख धंदा आहे. पण पाणी पाजून लगेच "गूगलवर पाच स्टार द्या हं" म्हणालात, तर ते पाणी विकलंत.

तिसरी, दुकान सायकलवाल्यांच्या रस्त्यावर असेल तर सोय कमी खर्चात होते. सावलीत एक बाक, पिण्याचं पाणी, मोबाइल चार्जिंग, हातपंप. बऱ्याच महागड्या सायकलींच्या ट्यूबला 'प्रेस्टा' नावाचा बारीक व्हॉल्व्ह असतो, त्यात साध्या पंपानं हवा भरत नाही. त्यासाठी एक छोटा अडॅप्टर मिळतो, तो गल्ल्यात ठेवा. आणि स्वच्छ, आतून कडी लागणारं टॉयलेट. एकटीनं निघालेल्या मुलीला त्याची किंमत विचारा!

यातून विक्री वाढेल का? कदाचित वाढेल, पण मी तसा शब्द देणार नाही. विक्रीसाठी करायला गेलात तर तो हिशेब तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आणि समोरच्याला लगेच कळतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाशी आपण गोड वागतोच, त्यात आपला फायदा असतो. आपलं दुकान नेमकं कसं आहे, हे एकदाच येणाऱ्या माणसाला दिसतं.

या आठवड्याचं काम: तुम्हाला झेपेल अशी महिन्याची एक रक्कम ठरवा, ३०० रुपये असली तरी चालेल. खर्चाच्या वहीत तिचं वेगळं खातं उघडा, नाव द्या 'वाटसरू'. रक्कम संपली की थांबा. पण त्या खात्यासमोर जमेची बाजू काढू नका.