तळ्यातील दोन गोगलगायी

परिसर अभ्यासाच्या पाठात गोगलगाय आली म्हणजे फळ्यावर एक आकृती काढून आपण पुढे जातो. वस्तुतः पूर्णा व दुधना या नद्यांच्या संथ पाण्यात आणि आपल्या जिल्ह्यातील तळ्यांत हा प्राणी प्रत्यक्ष दाखविता येतो. परस्परांच्या नात्यातील दोन जाती शेजारी ठेवल्यास पाठ अधिक बोधप्रद होईल.

पहिली ‘पायला’. हिचा शंख मोठा, फुगीर व हिरवट असतो. दुसरी ‘बेलॅमिया’. हिचा शंख लहान व टोकाकडे निमुळता असून त्यावर पुष्कळदा गडद पट्टे दिसतात. प्राणी आत शिरला की शंखाचे तोंड झाकणाने बंद होते. पायलाचे झाकण चुन्याचे व टणक, तर बेलॅमियाचे पातळ व शिंगासारख्या द्रव्याचे असते.

दोघींच्या श्वसनातही भेद आहे. बेलॅमिया कल्ल्याने पाण्यातील प्राणवायू घेते. पायलाला कल्ला व फुप्फुस ही दोन्ही इंद्रिये असतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की ती नळीसारखा अवयव पृष्ठभागावर आणून हवा घेते. उन्हाळ्यात तळे आटल्यास ती चिखलात शिरून झाकण लावते व पावसापर्यंत निद्रिस्त राहते.

प्रजननातील भेद विशेष लक्षणीय होय. पायलाची मादी पाण्याबाहेर ओलसर मातीच्या खळग्यात पांढऱ्या अंड्यांचा पुंजका घालते. बेलॅमियाची अंडी मादीच्या शरीरातच वाढतात व शंखासह पिले जन्मास येतात. तेव्हा ‘सर्व गोगलगायी अंडी घालतात’ असे वर्गात सांगणे योग्य नव्हे.

निरीक्षणासाठी रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत तळ्याचेच पाणी व थोडे शेवाळ घ्यावे. मुलांना एकट्याने पाण्याकडे पाठवू नये. या प्राण्यांतून काही परोपजीवी कृमींचा प्रसार होतो. म्हणून मुलांकडून हात साबणाने धुवून घ्यावेत. पाठ संपताच प्राणी त्याच तळ्यात सोडावेत.

सन 2022 च्या खरिपात मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले. तेव्हापासून कोणतीही गोगलगाय दिसताच ठेचण्याची प्रवृत्ती होऊ शकते. पिकास उपद्रव देणारी आफ्रिकी गोगलगाय जमिनीवर राहते व तिच्या शंखास झाकण नसते. ही एक खूण मुलांनी ओळखली, तर निरुपद्रवी जीव वाचतील व शेतकरी पालकांसही खरा शत्रू ओळखता येईल.