ताप उतरला, तरी सावध

डासामुळे हिवताप येतो, हे आपण जाणतो. डासामुळे येणारा दुसराही एक ताप आहे. त्याचे नाव डेंग्यू.

हिवतापाचा डास रात्री चावतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो आपल्याच घरी, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला एक दिवस रांजण, टाकी, पिंप रिकामे करू, घासू, कोरडे करू.

डेंग्यूचा ताप एकाएकी भडकतो. डोकं दुखतं, डोळ्यांमागे ठणकतं, सांधे धरतात. तीन ते सात दिवसांत ताप उतरतो. आपण म्हणतो, "सुटलो बुवा!" पण खरा धोका इथेच असतो. काहींच्या शिरांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. मग पोटात फार दुखते. उलट्या थांबत नाहीत. नाका-हिरड्यांतून रक्त येते. हातपाय गार पडतात. यातले एक जरी दिसले, तरी लगेच दवाखाना गाठावा. उद्यावर टाकू नये.

अ‍ॅस्पिरिनची गोळी मनाने देऊ नये. तिने रक्त जास्त जाते. पाणी, पेज, ताक देत राहावे. रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत निजवावे. त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला रोग देतो.

एकदा डेंग्यू झाला, आता भीती नाही, असे समजू नये. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू अधिक जोराचा असू शकतो.

ताप उतरला, तरी दोन दिवस रोग्याजवळ बसू. त्याच्यावर नजर ठेवू.