‘दर्या एक, मासा एक’ : न सरणारा गैरसमज

मिरकरवाडा बंदरावर बांगड्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “दर्याला काय कुंपण आहे? इथला बांगडा सरला तर मलबारातून येईल.” बोलणारा कधी तांडेल असतो, कधी पिशवी घेऊन आलेलं गिऱ्हाईक, कधी चांगला शिकलासवरलेला माणूस. मान डोलावून पुढे जाणं आता जमत नाही.

कुंपण दिसत नाही, हे खरं. पण बोंबील बघा. रत्नागिरीच्या उत्तरेला उदंड, दक्षिणेकडे विरळ, आणि मग थेट बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पुन्हा मुबलक. दर्याला कुंपण नाही, तर मधल्या मलबारात तो का भरला नाही? एकाच जातीचे, पण आपापल्या पाण्यात वाढणारे आणि आपापल्यात प्रजनन करणारे असे गट असतात. त्यांना मत्स्यसाठे म्हणतात.

ते ओळखायला प्रत्येक माशाला बिल्ला लावावा लागत नाही. निसर्गाने तो आधीच लावलेला असतो. ढोमा साफ करताना डोक्यातून पांढरे खडे निघतात ना? ते कर्णाश्म, माशाच्या कानातले दगड. ते बांगड्यालाही असतात, फक्त बारीक. खोडासारखी त्यात वलयं पडतात आणि मासा ज्या पाण्यात वाढला त्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम, बेरियम त्यांत साठत जातं. किनाऱ्याजवळचा कॉड आणि खोल समुद्रातून येणारा कॉड वलयांच्या आकारावरून वेगळे ओळखता येतात, हे नॉर्वेच्या गुन्नार रोलेफ्सेन यांनी 1933 सालीच दाखवलं. दुसरा बिल्ला परजीवींचा. एखादा परजीवी ठरावीक पाण्यातच लागत असेल, तर तो अंगावर असलेला मासा त्या पाण्यातून आला, हे उघड आहे. ही युक्ती 1939 पासून वापरात आहे.

इथे जाणकार मंडळी डीएनए पुढे करतात. पी. जयशंकर आणि सहकाऱ्यांनी मंडपम, कोची आणि कारवारचे बांगडे शरीराची मापं व डीएनए दोन्हींनी तपासले (एशियन फिशरीज सायन्स, 2004) आणि त्यांत ठळक फरक सापडला नाही. “बघा, एकच!” नाही हो. दर पिढीत मूठभर माशांची सरमिसळ झाली, तरी डीएनएतला फरक पुसला जातो. पण मूठभर माशांनी रिकामा झालेला दर्या भरत नाही. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो. डीएनए, कर्णाश्म, परजीवी आणि शरीराची मापं एकत्र ठेवून बघायची असतात.

‘शेजारून येईल’ या भरवशाचं काय होतं, ते न्यूफाउंडलंडला विचारा. तिथला कॉड कोसळला आणि 1992 साली मासेमारी बंद करावी लागली. अटलांटिकच्या पलीकडे, बॅरेंट्स समुद्रात तीच जात नंतर भरभरून मिळत राहिली. पण ती पोकळी भरायला तिकडून कोणी आलं नाही. बंदी उठायला 2024 उजाडलं, तीही मर्यादित प्रमाणात.

आता किरकोळ गैरसमज.

‘परजीवी असलेला मासा विषारी.’ नाही. नीट साफ करून पूर्ण शिजवला की काळजी नको.

‘माशाला कानच नसतात.’ बाहेरून दिसत नाहीत, एवढंच.

‘पापलेट सगळीकडचं सारखंच.’ 2023 साली आपला राज्य मासा ठरलेल्या पापलेटला वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेन्टियस म्हटलं गेलं. भारतीय पापलेट म्हणजे पॅम्पस कॅन्डिडस ही वेगळी जात, हे डीएनए आणि शरीररचना तपासल्यावर ठरलं.

तेव्हा जाळ्यात बांगड्याची पिल्लं आली, तर मलबारचा हवाला देऊ नका. आपल्या दर्यातला बांगडा सरला, तर तो आपलाच सरला असं धरून चालणं शहाणपणाचं.